कीर्द, खतावणी आणि मारवा



गेल्या संवत्सरीनंतरची गोष्ट. दिंडोरीत क्षमापनेच्या निमित्ताने घरोघर जाणे-येणे सुरू होते. एका संध्याकाळी आमच्या परिचयातील एक व्यापारी बंधू घरी आले. ‘मिच्छामि दुक्कडं’ झाले, चहापाणी झाले, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, “भाऊसाहेब, क्षमा मागायला आलो होतो, पण एक सल्लाही हवा आहे. मुलगा दुकान सोडतो म्हणतो.”

खते-बियाण्यांचे त्यांचे दुकान. आजोबांनी गादी घातली, वडिलांनी वाढवली, यांनी सांभाळली. द्राक्षाच्या हंगामात या गादीवर श्वास घ्यायला उसंत नसते. छाटणीपासून काढणीपर्यंत शेतकरी उधारीवर माल नेतो आणि बाग विकली गेली म्हणजे हिशेब चुकता करतो. अशा दुकानात माणूस विश्वासाचा लागतो. पगारी नोकराने ते जमत नाही. मुलगा पदवीधर, वय चोवीस, बोलण्यात गोड, हिशेबात चोख. वडिलांनी त्याच्या भरवशावर पुढल्या वीस वर्षांचे बेत आखले होते. परंतु गेली सहा वर्षे हाच मुलगा आठवड्यातून तीनदा नाशिकला गाणे शिकायला जात होता. घरच्यांनी त्याला छंद समजून कौतुक केले. आता त्याने सांगितले होते की त्याला संगीत नाटकात आणि मैफलीत गायचे आहे. दुकान आणि गाणे दोन्ही एका गळ्याने होणार नाही.

वडिलांचा प्रश्न सरळ होता : “तीन पिढ्यांची पेढी गाण्यापायी बंद करायची का?”

मी त्याच वेळी उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो म्हणालो. तो विचार आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहे. कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत तो वेगवेगळ्या वेषांत येऊन उभा आहे.

प्रथम मनात आले ते नाव डॉ. वसंतराव देशपांडे यांचे. गवयी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे हा मनुष्य लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करीत होता, हे तरुण पिढीला ठाऊक नसते. २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे त्यांचा जन्म झाला. आईने नागपुरात कष्ट करून त्यांना वाढवले. तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे मिळाले. भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात त्यांनी बाळकृष्णाची भूमिका केली. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा रागाची तालीम मिळाली. खाँसाहेबांनी त्यांना महिनोन्‌महिने तो एकच राग शिकवला. एक राग नीट उमगला की बाकीच्यांची वाट सापडते, अशी त्यामागची दृष्टी होती, असे सांगितले जाते. सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, रामकृष्णबुवा वझे अशा थोर गुरूंकडूनही त्यांनी विद्या घेतली. मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसा तर अखेरपर्यंत त्यांच्या गळ्यावर होता.

एवढी विद्या पदरी असूनही पोटासाठी त्यांना पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरावी लागली. ती एक-दोन वर्षे चालली नाही; सुमारे दोन तपे चालली. दिवसभर आकड्यांचे रकाने आणि संध्याकाळी तानपुरा, असा तो संसार होता. मध्येच दूर ईशान्य सीमेकडे बदली झाली. मैफलीचे, नाटकांचे, मित्रांचे पुणे मागे राहिले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ गाण्याला वाहून घेतले.

यानंतर काय घडले ते पाहा. २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘नाट्यसंपदा’ संस्थेने पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली आणि जो गायक आजवर जाणकारांच्या बैठकीत नावाजला जात होता तो घराघरांत पोहोचला. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस होते. ३० जुलै १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे लोकांनी ज्यांना डोक्यावर घेतले ते वसंतराव जेमतेम सोळा वर्षांचे. त्यामागची पंचवीस-तीस वर्षे ही साधनेची आणि कारकुनीची.

या आयुष्याचा ताळेबंद व्यापाऱ्याच्या नजरेने कसा मांडावा? एक जण म्हणेल, पाहा, नोकरी सांभाळूनही गाणे जगले. मग घाई कशाला? दुसरा म्हणेल, नोकरी वीस वर्षे आधी सुटली असती तर मराठी माणसाला आणखी वीस वर्षांचे गाणे मिळाले असते. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे. आपल्या धर्माने आपल्याला अनेकांताची दृष्टी दिली आहे ती अशाच प्रसंगासाठी. बापाचे म्हणणे एका अपेक्षेने खरे, मुलाचे दुसऱ्या अपेक्षेने खरे. भांडण तेव्हा होते, जेव्हा दोघांपैकी एक जण आपलाच अंश संपूर्ण सत्य मानून बसतो.

नोकरी न सोडता रंगभूमी गाजवणारेही झाले आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. गोव्याचे रामदास कामत एअर इंडियात अधिकारी होते आणि त्याच वेळी संगीत रंगभूमीचे अग्रगण्य गायक-नट होते. त्यांच्या गाण्याने गाजलेले ‘मत्स्यगंधा’ हे १९६४ सालचे नाटक वसंत कानेटकरांनी लिहिले; आणि कानेटकर आपल्या नाशिकचेच, महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे. म्हणजे लिहिणारा प्राध्यापक, गाणारा अधिकारी. तरी नाटक अजरामर. तेव्हा ‘कलेसाठी सर्व काही सोडलेच पाहिजे’ हा नियम नव्हे. परंतु ठराविक वेळी सुटणारी नोकरी आणि आपली गादी यांत अंतर आहे, हेही विसरता येत नाही. गादीवर बसणाऱ्याला सहा वाजता सुट्टी होत नाही. गिऱ्हाईक रात्री दहालाही दार वाजवते आणि दिवसभर बोलून बोलून गळा थकतो तो निराळाच.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या स्वरांनी महाराष्ट्र वेडा झाला होता. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. गायक थोर, नाटके थोर, प्रेक्षकांचे प्रेम अपार; परंतु हिशेबाची बाजू कायम लंगडी. भरजरी शालू, उंची अत्तरे, गालिचे, पंक्तींवर पंक्ती. खर्चाला मर्यादा नव्हती आणि मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. ज्याच्या तिकिटासाठी झुंबड उडत असे, त्या कलावंताच्या आयुष्याची बरीच वर्षे सावकारांचे देणे फेडण्यात गेली. संगीतातले ऋषितुल्य पुरुष पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचेही तसेच. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून त्यांनी सामान्य घरांतील मुलामुलींसाठी संगीताचे दार उघडले. पण मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी हातची गेली. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशिकला येऊन राहिले आणि पंचवटीत रामनामात रमले. कला थोर असली तरी जमा-नावेचा नियम तिला माफ होत नाही, हे या दोन्ही चरित्रांतून दिसते. आणि हा नियम आपल्या समाजाइतका कोणाला ठाऊक आहे?

पश्चिमेकडे ऑपेरा नावाचा नाट्यप्रकार आहे. त्यात पात्रे बोलण्याऐवजी गातात आणि समोर मोठा वाद्यवृंद असतो. चारशे वर्षांपूर्वी इटलीत त्याचा उगम झाला. मुंबईत चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस मूळचे त्याच खेळांसाठी बांधलेले. या ऑपेराचा विसाव्या शतकातला सर्वांत लोकप्रिय गायक म्हणजे लुचानो पावारोत्ती. त्याचे वडील मोदेना गावात पाव भाजण्याचा धंदा करीत आणि हौसेने गात. पावारोत्तीने काही काळ प्राथमिक शाळेत शिकवले, नंतर विम्याची विक्री केली. त्याने गायक व्हायचे ठरवले तेव्हा घरात जो ठराव झाला तो आपल्या व्यापारी मनाला पटकन समजेल. आईवडिलांनी सांगितले : वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत घरात राहणे आणि जेवण आमच्याकडे, तोवर यश आले नाही तर मिळेल ते काम करून स्वतःचे पोट स्वतः भरायचे. १९६१ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याला रंगमंचावर पहिली मोठी भूमिका मिळाली. मुदतीआधीच करार पूर्ण झाला!

पावाच्या भट्टीवर राबणाऱ्या त्या बापाने मुलाला आंधळेपणाने हो म्हटले नाही आणि डोळे वटारून नाहीही म्हटले नाही. त्याने मुदत दिली, मर्यादा घातली, जबाबदारी वाटून घेतली. धंद्यात आपण नव्या माणसाला भागीदार करताना याहून वेगळे काय करतो?

आता आपल्या समाजाकडे येऊ. काही ज्येष्ठ म्हणतात, गाणेबजावणे हे आपल्या घराण्यांचे काम नव्हे. त्यांच्याविषयी आदर राखून सांगावेसे वाटते की हा समज इतिहासाला धरून नाही. स्थानांगसूत्र आणि अनुयोगद्वारसूत्र या आगमांत सप्तस्वरांचे विवेचन आहे. ‘संगीतसमयसार’ हा संगीतशास्त्रावरील मान्यताप्राप्त ग्रंथ पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराचा. ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हा चौदाव्या शतकातला ग्रंथ वाचनाचार्य सुधाकलश यांचा. प्रभूंची देशना मालकोश रागात होत असे, ही श्रद्धा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्तवने आणि पूजा रागदारीत बांधण्याची परंपरा शतकांची आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर कल्याणजी-आनंदजी यांचे घ्या. हे बंधू कच्छी जैन कुटुंबातले; वडिलांचे मुंबईत किराणा दुकान. एका संगीतशिक्षकाची उधारी थकली होती. पैशांऐवजी त्याने दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवले, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. किराण्याच्या वहीतली ती बुडीत रक्कम पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या खात्यावर जमा झाली. कोणती उधारी बुडाली आणि कोणती फळली, हे त्याच वर्षाच्या ताळेबंदात नेहमीच दिसते असे नाही.

आणि एक विचार त्याहून खोल आहे. ‘कट्यार’ नाटकात राजगायकाला हवेलीबरोबर एक कट्यार मिळते. तिने केलेला एक खून माफ असतो. ती मिळाल्यावर खाँसाहेब आपली विद्या घराण्याच्या बाहेर जाऊ देत नाहीत. शिकायला आलेल्या तरुणाला ते नकार देतात. विद्या असूनही त्यांच्या मनाला शांती नाही, कारण त्यांनी विद्येचाही परिग्रह केला आहे. आपण परिग्रह म्हणजे सोने, जमीन, रोकड एवढेच समजतो. परंतु घराण्याचा अभिमान, दुकानाची पाटी, ‘माझा मुलगा माझ्याच गादीवर’ हा हट्ट, हाही परिग्रहच नव्हे काय? श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण ठरवायला सांगितले आहे. किती पुरे, हे बापाने ठरवायचे. आणि मुलानेही ठरवायचे. कारण टाळ्यांचा आणि प्रसिद्धीचा लोभ हाही परिग्रहाचाच एक प्रकार आहे.

हे सारे मनात ठेवून मी आठ दिवसांनी त्या बंधूंच्या घरी गेलो. मुलालाही समोर बसवले. त्याला एकच विचारले, “बेटा, सोळा वर्षांच्या कीर्तीसाठी तीस वर्षे वाट पाहावी लागली तर तयारी आहे का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काकाजी, कीर्ती मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. पण संध्याकाळी दुकान वाढवल्यावर मी रियाजाला बसतो तेव्हा गळा दिवसभराच्या बोलण्याने बसलेला असतो. माझी सकाळ मला हवी आहे.” त्याने कीर्ती मागितली नाही, सकाळ मागितली, हे मला आवडले.

वडील म्हणाले, “सकाळ दिली. पण गादीवर कोण?”

तेव्हा आतून त्यांची मुलगी आली. ती वाणिज्य पदवीधर. दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे गेली दोन वर्षे तीच भरत होती आणि कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याकडे किती येणे आहे हे तिला वही न उघडता ठाऊक होते. ती म्हणाली, “बाबूजी, मी बसते. मला कोणी विचारलेच नाही.” आई म्हणाली, उद्या लग्न होऊन ती जाईल. मुलगी म्हणाली, “जाईन तेव्हा पाहू. आणि नाशिक जिल्ह्यातच दिलीत तर येऊन-जाऊन करीन.” घरात हशा पिकला, पण वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले होते. वारस नाही म्हणून ज्या पेढीची चिंता चालली होती, तिचा वारस इतकी वर्षे आतल्या खोलीत विवरणपत्रे भरत होता. मलाही ते आधी सुचले नव्हते, हे येथे कबूल करतो.

त्या दिवशी जे ठरले ते दिवाळीत चोपडापूजनानंतर नव्या वहीच्या एका पानावर लिहिले गेले. मुलाला तीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मुदत. सकाळ रियाजाची, दुपारी तीन तास दुकानाची वसुली त्याने पाहायची. दरमहा ठरलेली रक्कम त्याला पेढीतून. त्याहून अधिक लागल्यास स्वतः शिकवण्या करून मिळवायची. गाण्यासाठी कोणाकडूनही कर्ज काढायचे नाही. दर वर्षी गुरूंचे आणि घराबाहेरच्या एका जाणकाराचे स्पष्ट मत घ्यायचे आणि ते कडू असले तरी घरात वाचून दाखवायचे. सोयरीक जुळवताना त्याचा व्यवसाय गाणे आहे हेच सांगायचे. दुकानाच्या पाटीआड लपवायचे नाही. मुलगी गादीवर बसेल आणि तिचा मोबदला तिच्या नावे जमा होईल. खाली तिघांच्या सह्या झाल्या. आईने पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले.

पुढे काय होईल? मुलगा वसंतरावांसारखा गाईल असे मी म्हणणार नाही. तसे शतकात एखादेच होतात. कदाचित तो नाशिकमध्ये एक चांगला संगीतशिक्षक होईल. कदाचित तिसाव्या वर्षी गादीवर परत येईल; तसे झाले तर तो पराभूत म्हणून येऊ नये, याची काळजी त्या पानाने घेतली आहे. मुदत संपवून परतणारा भागीदार पळून परतत नाही. तो करार पाळून परततो. वसंतरावांनी दोन तपे आकड्यांत घालवली आणि तरी मारवा जपला. आपल्या घरात कोणी मारवा जपत असेल, तर त्याला निदान दोन तपे वाट पाहायला लावू नये, एवढे आपल्या हाती आहे.

वाचकहो, या महिन्यात एक करून पाहावे. रात्री रोजमेळ जुळवून वही मिटल्यावर घरातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीलाही विचारावे, “तुला काय करावेसे वाटते?” उत्तर ऐकून लगेच होकार देऊ नये, लगेच नकारही देऊ नये. फक्त ऐकावे. दिंडोरीच्या त्या घरात मुलीला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि पेढी जवळजवळ बंद व्हायला निघाली होती.

या लेखनात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडं.